गोलातल्या शेजारणीचं नाव कुठे जातं?

'मला नावंच लक्षात राहत नाहीत, स्मरणशक्ती कच्ची आहे' ही तक्रार सार्वत्रिक आहे. बहुतेक वेळा दोष स्मरणशक्तीचा नसतो, ओळखी करून देण्याच्या पद्धतीचा असतो. अमेरिकी विद्यापीठांतल्या सोरोरिटींच्या अनौपचारिक पार्ट्यांमध्ये हे स्पष्ट दिसतं. सोरोरिटी म्हणजे मुलींची भगिनीसंघटना. संघटनेचं नाव ग्रीक अक्षरांचं, पण हा शब्द लॅटिन 'सोरोर' म्हणजे बहीण यावरून आलेला. ऑस्टिनमध्ये १९९८ साली स्थापन झालेली 'कप्पा फाय गॅमा' दक्षिण आशियाई मुलींना केंद्रस्थानी ठेवणारी, त्यामुळे तिकडे शिकणाऱ्या आपल्या मुलींनाही हा प्रकार अगदीच परका नाही.

अशा पार्टीत वीसजणी गोल करून बसतात आणि प्रत्येकीने नाव, गाव, आवडतं आइस्क्रीम सांगायचं असतं. फेरी संपते तेव्हा आइस्क्रीम आठवतं, नाव नाही. त्यातही सगळ्यात कमी आठवतं ते आपल्या लगेच आधी बोललेल्या मुलीचं.

मानसशास्त्रज्ञ माल्कम ब्रेनर यांनी १९७३ साली हेच मोजलं. टेबलाभोवती बसलेल्या लोकांनी पाळीपाळीने शब्द मोठ्याने वाचले आणि नंतर ते आठवून सांगितले. स्वतःचा शब्द बहुतेकांना आठवला, पण आपली पाळी येण्याआधीच्या साधारण ९ सेकंदांत वाचले गेलेले शब्द गळाले. याला 'नेक्स्ट-इन-लाइन' परिणाम म्हणतात. पुढे चार्ल्स बाँड यांनी १९८५ साली विचारलं, की शब्द मेंदूत शिरतो आणि नंतर सापडत नाही, की मुळात शिरतच नाही? उत्तर दुसरं निघालं. 'आता माझी पाळी' या विचारात लक्ष आत वळतं. कानावर आवाज पडतो, पण नोंद होत नाही. जे नोंदलंच नाही ते नंतर कितीही डोकं खाजवलं तरी येणार कुठून? पण आधीच्या व्यक्तीकडे लक्ष द्या असं सुरुवातीलाच बजावलं, तर ही गळती थांबते.

त्यात नाव हा मुळातच निसरडा शब्द. एखादा माणूस सुतारकाम करतो हे लक्षात राहतं, त्याचं आडनाव सुतार आहे हे राहत नाही. व्यवसायाला रंधा, भुसा, लाकडाचा वास चिकटतो. आडनावाला काहीच चिकटत नाही.

म्हणून खेळ असा हवा की शेजारणीचं ऐकल्याशिवाय आपली पाळी पारच पडू नये. पहिली स्वतःचं नाव सांगते. दुसरी पहिलीचं आणि स्वतःचं. तिसरी त्या दोघींची आणि स्वतःचं. पीटर मॉरिस आणि कॅथरीन फ्रिट्झ यांनी २००० साली ही पद्धत जोडीजोडीने ओळख करून देण्याशी ताडून पाहिली आणि नावांच्या खेळाची सरशी ११ महिन्यांनंतरही टिकून होती. कारण इथे प्रत्येक नाव नुसतं ऐकलं जात नाही, वाढत्या अंतराने आठवून काढावं लागतं.

गोल मात्र दहाजणींचाच ठेवा. दहाजणींत ४५ वेळा दुसरीचं नाव आठवावं लागतं, वीसजणींत १९०. विसावी मुलगी एकोणीस नावं म्हणेपर्यंत बाकीच्या फोन काढतात. कुणी अडली तर पाच सेकंद थांबा, मग नाव सांगा आणि तिच्याकडून ते म्हणवून घ्या. नुसतं सांगून पुढे गेलात तर आठवण्याचा व्यायाम बुडतो. पहिलीच्या वाट्याला सर्वांत कमी काम येतं, म्हणून शेवटी तिने सगळी दहा नावं म्हणायची. मग जागा बदलून उलट्या दिशेने एक फेरी. जागा न बदलल्यास नावं चेहऱ्यांना नव्हे, खुर्च्यांना चिकटतात. खेळ संपेपर्यंत संगीत बंद.

'दोन खरं, एक खोटं' हा खेळ, म्हणजे स्वतःबद्दल तीन गोष्टी सांगायच्या आणि त्यातली खोटी इतरांनी ओळखायची, गंमत म्हणून ठीक. त्यातून माणूस ओळखता येतो म्हणणाऱ्यांनी एवढं पाहावं, की खरं-खोटं ओळखण्यात लोक सरासरी ५४ टक्के बरोबर ठरतात, म्हणजे नाणेफेकीहून जेमतेम बरे. २००६ सालचा हा आढावा त्याच बाँड यांनी बेला डिपाउलो यांच्यासोबत घेतलेला. राशी विचारून स्वभाव सांगण्याच्या खेळाला तर तेवढीही किंमत नाही. 'तू वरून कणखर, आतून हळवी' हे बाराही राशींना पटतं.

छातीवर नावाच्या चिठ्ठ्या लावायच्याच असतील तर दुसऱ्या फेरीनंतर लावा. उत्तर समोर लिहिलेलं असेल तर आठवायचे कष्ट कोण घेणार?