होम थिएटरचा खर्च आणि दहा बाय पंधराचा हॉल

दसरा-दिवाळीच्या सुमारास होम थिएटर घेऊ पाहणारी मंडळी, ज्याला म्हणून विज्ञानातले थोडेफार कळते अशा प्रत्येकाला, एक प्रश्न हमखास विचारतात: स्पीकरवर किती पैसे घालावेत? किंमत दुप्पट केली की आवाजही दुप्पट चांगला होईल, ही समजूत या प्रश्नामागे असते आणि विक्रेता ती खोडून काढण्याच्या फंदात पडत नाही. माझे उत्तर ऐकून बहुतेकांची निराशा होते, कारण मी बजेट विचारण्याआधी हॉलची लांबी, रुंदी आणि छताची उंची विचारतो.

वॅटचा निकाल आधीच लावून टाकलेला बरा. एके काळी स्वस्त संचांच्या खोक्यांवर ‘पीएमपीओ’ या नावाने हजारो वॅट छापलेले असत. हा आकडा मोजण्याची सर्वमान्य पद्धतच नसल्यामुळे तो कितीही फुगवता येत असे. घरगुती वापराच्या साधारण स्पीकरला १ वॅट दिल्यास १ मीटरवर ८७ डेसिबलच्या (डेसिबल हे आवाजाच्या पातळीचे एकक) आसपास आवाज मिळतो. ३ मीटरवरच्या सोफ्यापर्यंत पोहोचताना त्यातले साडेनऊ डेसिबल कमी झाले असे धरले (खोलीत भिंतींमुळे घट याहूनही कमी होते), तरी ७७-७८ डेसिबल उरतात, आणि संवाद तर आपण साधारण ६५ ते ७० डेसिबलला ऐकतो. स्फोट, ढगांचा गडगडाट अशा क्षणांसाठी २० डेसिबल वाढवायचे तर शंभरपट म्हणजे १०० वॅट लागतात. त्यापुढे २०० वॅटचे पैसे मोजले, तर पदरात अवघे ३ डेसिबल पडतात.

आता मुख्य मुद्दा. पुण्यात कोथरूड, वारजे किंवा पिंपळे सौदागर येथील मध्यम आकाराच्या फ्लॅटमधला हॉल घेऊ: रुंदी १० फूट, लांबी १५ फूट, छत साडेनऊ फुटांवर. स्पीकरमधून निघालेली ध्वनिलहर समोरच्या भिंतीवर आपटून परतते, मागच्या भिंतीवर पुन्हा आपटते, आणि खोलीची लांबी तरंगलांबीच्या बरोबर निम्मी असेल तर जाणाऱ्या आणि येणाऱ्या लहरी एकमेकींत अशा मिसळतात की खोलीत स्थिर तरंग उभा राहतो. झोपाळ्याला योग्य क्षणी दिलेला हलका धक्का जसा दर वेळी त्याचा झोका वाढवत नेतो, तशी या विशिष्ट वारंवारतेला खोली स्वतःच साथ देते. ही वारंवारता काढणे सोपे आहे: ध्वनीच्या वेगाला अंतराच्या दुपटीने भागायचे. वेग सेकंदाला ३४५ मीटर धरला, तर १५ फुटांसाठी सुमारे ३८ हर्ट्झ (म्हणजे सेकंदाला ३८ कंपने), १० फुटांसाठी ५७ हर्ट्झ आणि छताच्या उंचीसाठी ६० हर्ट्झ ही उत्तरे येतात. या प्रत्येकीच्या दुप्पट, तिप्पट वारंवारतांनाही असेच तरंग उभे राहतात. आपल्या हॉलमध्ये ५७ आणि ६० हे आकडे इतके जवळ आले आहेत की रुंदी आणि उंची मिळून त्या एकाच पट्ट्यातला आवाज घुमवतात. सिनेमातील प्रत्येक धमाका एकाच सुरात ‘बूम’ करू लागतो तो यामुळे. त्यात स्पीकरचा दोष फारसा नसतो.

स्थिर तरंगातील दाब खोलीभर सारखा नसतो. भिंतीलगत तो कमाल असतो आणि पहिल्या, म्हणजे सर्वांत कमी वारंवारतेच्या, तरंगासाठी खोलीच्या बरोबर मध्यावर जवळजवळ शून्य असतो. पंधरा फुटांच्या हॉलमध्ये मधोमध खुर्ची टाकून बसणाऱ्याला ३८ हर्ट्झचा आवाज नाहीसा झाल्यासारखा वाटेल, तर ७५ हर्ट्झचा छाताडावर आदळेल, कारण दुसऱ्या तरंगाचा दाब नेमका मध्यावरही कमाल असतो. मागच्या भिंतीपासून पावणेचार फुटांवर, म्हणजे लांबीच्या एक चतुर्थांशावर, हाच ७५ हर्ट्झ गायब होतो. भिंतीपासून एक तृतीयांश अंतरावर, म्हणजे ५ फुटांवर, गणिताने दोन्ही तरंगांचा दाब कमालीच्या निम्मा येतो. तिथे कान ठेवणे पुष्कळ बरे, मात्र ११३ हर्ट्झचा तिसरा तरंग त्या ठिकाणी पूर्ण जोरात असतो हेही मान्य केले पाहिजे. आपल्याकडे सोफा मागच्या भिंतीला टेकवलेला असतो, आणि तिथे हे सारेच तरंग एकदम कमाल दाबाने भेटतात. एकाच हॉलमध्ये, एकाच स्पीकरसमोर, जागा बदलल्याने खर्जाच्या पातळीत १५ ते २० डेसिबलचा फरक पडणे मुळीच असामान्य नाही.

खोलीची ही सत्ता कुठपर्यंत चालते याचे सूत्र जर्मन भौतिकशास्त्रज्ञ मानफ्रेड श्रोडर यांच्या नावाने ओळखले जाते: निनादकाल (आवाज थांबल्यावर तो खोलीत विरायला लागणारा वेळ) सेकंदांत आणि आकारमान घनमीटरमध्ये घेऊन त्यांच्या भागाकाराच्या वर्गमुळाला २००० ने गुणायचे. आपल्या हॉलचे आकारमान सुमारे ४० घनमीटर आणि सोफा, पडदे, गाद्या असताना निनादकाल ०.६ सेकंद धरला, तर उत्तर २४५ हर्ट्झच्या जवळ येते. त्याखालच्या पट्ट्यात, जिथे सगळा खर्ज येतो, तुम्ही खोली ऐकता. त्यावरच्या पट्ट्यात स्पीकरचा स्वतःचा दर्जा खऱ्या अर्थाने ऐकू येऊ लागतो.

भिंतींवर फोम किंवा अंड्यांचे ट्रे चिकटवून खर्ज आवरत नाही. सच्छिद्र पदार्थ ध्वनी चांगला शोषतो तो त्याची जाडी तरंगलांबीच्या चतुर्थांशाच्या जवळपास असताना. ५७ हर्ट्झची तरंगलांबी ६ मीटर असते, म्हणजे जाडी दीड मीटर हवी. दोन इंची फोम वरच्या पट्टीतले आवाज तेवढे खातो आणि हॉल अधिकच घुमल्यासारखा वाटू लागतो. वास्तुशास्त्राचीही इथे मदत होत नाही. सबवूफर, म्हणजे फक्त खर्ज वाजवणारा स्पीकर, आग्नेयेला ठेवा नाहीतर ईशान्येला, कोपरा म्हटला की तिन्ही दिशांचे तरंग तिथून सर्वांत जोराने उठणार.

उपयोगी पडते ते ब्रिटिश भौतिकशास्त्रज्ञ लॉर्ड रॅले यांनी एकोणिसाव्या शतकात मांडलेले अन्योन्यतेचे तत्त्व. ध्वनीचा उगम आणि ऐकणारा यांच्या जागा आपसांत बदलल्या, तरी मिळणारा प्रतिसाद तोच राहतो. म्हणून सबवूफर तात्पुरता सोफ्यावर, आपल्या डोक्याच्या जागी ठेवावा, खर्जाचे सूर असलेले संगीत लावावे आणि स्वतः भिंतीकडेने रांगत फिरावे. जिथे सगळे सूर सारखे ऐकू येतील ती सबवूफरची जागा. घरचे हसतील, पण हा प्रयोग फुकट आहे. याहून चांगला उपाय म्हणजे एका मोठ्या सबवूफरऐवजी दोन मध्यम आकाराचे सबवूफर समोरासमोरच्या भिंतींच्या मध्यावर ठेवणे. खोलीच्या दोन टोकांना पहिल्या तरंगाचा दाब परस्परविरुद्ध असतो, त्यामुळे एकाच वेळी सारखा जोर लावणारे दोन उगम त्याला उभाच राहू देत नाहीत. ध्वनिसंशोधक टॉड वेल्टी यांनी २००२ मध्ये या मांडणीचा पद्धतशीर अभ्यास प्रसिद्ध केला.

मग महागड्या स्पीकरला काहीच अर्थ नाही का? अर्थ आहे, पण तो किमतीच्या प्रमाणात वाढत नाही. फ्लॉइड टूल आणि शॉन ऑलिव्ह यांनी १९९४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात तेच स्पीकर श्रोत्यांना एकदा पडद्याआडून आणि एकदा उघड ऐकवले. समोर दिसू लागताच मते बदलली. आकाराने लहान आणि किमतीने कमी अशा संचाचे गुण घसरले. हे संशोधक स्वतः स्पीकर बनवणाऱ्या कंपनीत काम करत होते, ही बाब मला विशेष वाटते.

केबलबद्दल न बोललेलेच बरे, पण बोलतो. अडीच चौरस मिलिमीटर जाडीच्या साध्या तांब्याच्या वायरीचा पाच मीटर अंतरासाठी जाऊन-येऊन रोध ०.०७ ओहम होतो. ८ ओहमच्या स्पीकरसमोर त्याने होणारी घट डेसिबलच्या दहाव्या भागापेक्षाही कमी आहे. अशी वायर पुण्यातल्या विजेच्या सामानाच्या बाजारात, तापकीर गल्लीत, कुठेही मिळते. सोन्याचा मुलामा गंजत नाही एवढाच त्याचा गुण, आणि केबलवर छापलेला दिशेचा बाण तर निव्वळ विनोद, कारण त्यातून वाहणारा प्रवाह सेकंदाला शेकडो वेळा दिशा बदलत असतो.

समजा रिसीव्हर (सगळ्या स्पीकरांना आवाज आणि शक्ती पुरवणारे यंत्र) वगळून हाताशी १ लाख रुपये आहेत. अशा हॉलसाठी मी त्यातले निम्मे समोरच्या तीन स्पीकरांवर घालीन, आणि त्यातही मधल्या स्पीकरवर कंजुषी करणार नाही, कारण चित्रपटातील बहुतेक संवाद त्यातूनच येतात. ३०-३५ हजारांत दोन सबवूफर बसवीन, मागचे दोन स्पीकर साधे घेईन आणि उरलेल्या पैशांतून मोजमापाचा एक मायक्रोफोन आणीन. उंच उभे, जमिनीवरचे स्पीकर घेणार नाही. छोट्या पेटीतून खोल खर्ज काढायला फार शक्ती लागते, म्हणून त्यांची पेटी मोठी असते आणि किमतीचा बराच भाग तिथेच जातो. परंतु ८० हर्ट्झखालचे काम सबवूफरकडे सोपवले की त्या पेटीला करण्यासारखे फारसे उरत नाही. शिवाय ८० हर्ट्झखालचा आवाज कुठल्या दिशेने येतो हे कानाला सहसा कळत नाही, त्यामुळे सबवूफर सोफ्यामागे असला तरी बिघडत नाही.

हा हिशेब दहा बाय पंधराच्या हॉलचा आहे. बंगल्यात वीस बाय पंचवीसची खास खोली बांधून घेणाऱ्याचे आकारमान तिपटीहून जास्त, ऐकण्याचे अंतर दुप्पट आणि सोफा भिंतीपासून हवा तितका पुढे घेण्याची मोकळीक. तिथे जास्त शक्तीचे, मोठ्या पेटीचे स्पीकर आपली किंमत वसूल करतात, आणि त्याने दोन-तीन लाख खर्च केले तर मी त्याला अडवणार नाही.