पेस्ट्री स्टाउट

पेस्ट्री स्टाउट : केक, ब्राउनी, चीजकेक यांसारख्या गोड पदार्थांच्या चवी समोर ठेवून केलेली काळी, दाट व बहुधा तीव्र बिअर. हा स्टाउटचा आधुनिक अमेरिकन उपप्रकार असून लहान ब्रुअरींप्रमाणेच घरी बिअर करणाऱ्यांतही तो रुजला आहे. काही हौशी मंडळी खरोखरीच केकचे तुकडे मॅशमध्ये (गरम पाण्यात भिजवलेल्या दळलेल्या धान्यात) टाकतात. त्यातून स्टार्च व चरबी मिळते, केकची चव मात्र फारशी उतरत नाही. गोडवा येतो तो मुख्यतः न आंबलेल्या शर्करांमुळे, आणि त्यांत दुग्धशर्करा म्हणजे लॅक्टोज प्रमुख आहे.

उगम : ‘स्टाउट’ या शब्दाचा बिअरसंबंधीचा जुना वापर १६७७ च्या एका इंग्रजी हस्तलिखितात दाखवला जातो. तेथे त्याचा अर्थ केवळ ‘तीव्र’ असा आहे, रंगाशी संबंध नाही. काळेपणाचा संबंध लंडनच्या पोर्टर या गडद बिअरमार्फत आला. पोर्टर ही शोरडिचच्या हारवूड नावाच्या ब्रुअरने १७२२ च्या (काहींच्या मते १७३० च्या) सुमारास एकाएकी शोधून काढली, ही कथा लेखक जॉन फेल्थमच्या १८०२ मधील वर्णनापासून विशेष पसरली. घटना आणि ही नोंद यांत सत्तर-ऐंशी वर्षांचे अंतर आहे. लंडनच्या तपकिरी बिअरमध्ये हळूहळू बदल होत पोर्टर घडली, हे मत अधिक ग्राह्य वाटते. डॅनिएल व्हीलरने १८१७ मध्ये माल्ट (मोड आणून वाळवलेले धान्य) भाजण्याच्या फिरत्या पिंपाचे एकस्व (पेटंट) घेतले. त्यानंतर थोड्याशा काळ्या माल्टने संपूर्ण बिअर रंगवणे शक्य झाले.

गोड स्टाउटचा धागा वेगळा आहे. ताकनिवळी, दुग्धशर्करा व हॉप (बिअरला कडवटपणा देणारी फुले) यांपासून ‘दुधाची बिअर’ करण्यासाठी जॉन हेन्री जॉन्सनने १८७५ मध्ये एकस्व मागितले होते. प्रत्यक्ष बाजारात आलेली मिल्क स्टाउट मात्र केंट परगण्यातील हाइथच्या मॅकेसन ब्रुअरीची. तिचा आरंभ १९०७ च्या सुमारास मानतात. जॉन्सनच्या एकस्वाला उगम म्हणावे की मॅकेसनच्या बाटलीला, हा काहीसा शब्दांचा वाद आहे. आंबवलेल्या काळ्या बिअरमध्ये लॅक्टोज शिल्लक ठेवण्याची रीत रूढ केली ती मॅकेसननेच. तिची जाहिरात पौष्टिक पेय म्हणून होई. महायुद्धोत्तर टंचाईच्या काळात, १९४६ मध्ये, सरकारने ‘मिल्क’ हा शब्द लेबलांवरून काढायला लावला. मॅकेसनच्या लेबलावरचा दुधाचा कॅन मात्र तसाच राहिला, आणि गिऱ्हाइकाला तेवढे पुरले.

तिसरा धागा बर्बन या अमेरिकन व्हिस्कीच्या पिंपात मुरवलेल्या स्टाउटचा. शिकागोच्या गूज आयलंड ब्रुअरीची बर्बन काउंटी स्टाउट पहिल्यांदा १९९२ मध्ये झाली असे ब्रुअरीकडून सांगितले जाई. उपलब्ध पुरावे तपासणारे १९९५ कडे झुकतात आणि तेच सयुक्तिक दिसते. पिंपाच्या लाकडातून उतरणारा व्हॅनिला व नारळासारखा गंध लोकांना आवडला. पुढे हे जिन्नस लाकडाविना, सरळ शेंगांच्या व किसाच्या रूपात घालण्याकडे कल झाला असावा. ‘पेस्ट्री स्टाउट’ हे नाव थट्टेने पडले. ते २०१० नंतरच्या दशकात रूढ झाले.

कृती : माल्ट दळणे, हॉप उकळणे इत्यादी सामान्य क्रिया इतर बिअरप्रमाणेच असतात. फरक मॅशच्या तापमानात आहे. ६५° से. च्या आसपास बीटा अमायलेज हे विकर (एन्झाइम) यीस्टला पचणारी माल्टोज शर्करा भरपूर देते, ६८°–६९° से. वर ते लवकर निकामी होते व अल्फा अमायलेजचे कार्य पुढे चालल्याने न आंबणारी डेक्स्ट्रिने (स्टार्चचे अर्धवट तुटलेले अंश) अधिक उरतात. त्यांनी बिअर जड होते, पण फारशी गोड होत नाही. गोडीसाठी २० लिटरला साधारण ३५० ते ५०० ग्रॅम लॅक्टोज उकळीच्या अखेरीस घालतात. बिअरच्या यीस्टजवळ लॅक्टोज फोडणारे विकर नसल्यामुळे ते तसेच राहते. त्याची गोडी साखरेच्या पाचव्या-सहाव्या हिश्श्याएवढीच असते. म्हणूनच इतके घालूनही पाक झाल्यासारखे वाटत नाही.

यामुळे द्रवाची घनता मोजणाऱ्या हायड्रोमीटरचे वाचन नवख्याला फसवते. वर्टचे (न आंबवलेल्या गोड द्रवाचे) आरंभीचे विशिष्ट गुरुत्व १.०८० होते असे समजा. दोन आठवड्यांनी नळीत काळी बिअर ओतावी, बुडबुडे विरण्याची वाट पाहावी. काच फिरवूनही काळ्या द्रवात रेघ नीट दिसत नाही, आणि दिसते तेव्हा वाचन १.०३० वर अडलेले असते. किण्वन थांबले असे समजून पुन्हा यीस्ट टाकण्याचा मोह येथे होतो. वास्तविक २० लिटरमधील ५०० ग्रॅम लॅक्टोजच त्यातील नऊ-दहा अंश (म्हणजे ०.००९ ते ०.०१०) धरून बसलेले असते. तीन दिवस वाचन न बदलल्यास किण्वन पूर्ण झाले असे मानतात. या उदाहरणात मद्यार्क सुमारे ६.५ टक्के येतो.

स्वादद्रव्ये किण्वन संपल्यावर घालतात. आधी घातल्यास कार्बन डाय-ऑक्साइडबरोबर गंध उडून जातो. कोकोच्या भाजलेल्या बियांचे तुकडे १५० ते २०० ग्रॅम, व्होडकात भिजवून, चार ते सात दिवस. व्हॅनिलाच्या दोन-तीन शेंगा चिरून. कोकोच्या तुकड्यांत निम्म्याच्या आसपास चरबी असते. नारळाचा कीस भाजून घातला तरी त्याचे तेल सुटते, पृष्ठभागावर तवंग येतो व ग्लासातला फेस क्षणात बसतो. थंड करून वरचा थर टाळत बिअर खालून काढल्यास हा दोष कमी होतो. कॉफी थंड पाण्यात काढून बाटलीत भरण्यापूर्वी मिसळतात. दालचिनी कमीच घालावी, कारण तिचा स्वाद बाकी सगळ्यांवर कुरघोडी करतो.

बाटलीत फेस धरण्यासाठी लिटरला सुमारे ५ ग्रॅम साखर पुरते. सरबते, फळांचा गर किंवा कॅरामेलचा पाक घातला असेल तर ती साखर आधी पूर्ण आंबू द्यावी लागते. डायस्टॅटिकस या यीस्टप्रकाराच्या संसर्गाने डेक्स्ट्रिनेही आंबतात, तर ब्रेटॅनोमायसिस या रानटी यीस्टचे काही वाण लॅक्टोजवरही वाढतात. दोन्ही प्रसंगी कपाटात ठेवलेल्या बाटल्या आठवड्यांनंतर फुटू शकतात. लॅक्टोज न पचणाऱ्यांना ही बिअर सोसत नाही, ही सूचना पाहुण्यांना आधी दिलेली बरी.

कायदा : ब्रिटनमध्ये घरगुती बिअरवरील परवान्याची अट १९६३ मध्ये गेली. अमेरिकेत राष्ट्राध्यक्ष कार्टर यांनी ऑक्टोबर १९७८ मध्ये स्वाक्षरी केलेल्या कायद्याने एका प्रौढास वर्षाला १०० गॅलन व दोन किंवा अधिक प्रौढांच्या घरास २०० गॅलन बिअर करमुक्त झाली. राज्यांचे नियम त्यानंतरही निरनिराळे होते. महाराष्ट्रात १९४९ च्या दारूबंदी कायद्यानुसार परवान्याविना मद्य तयार करणे गुन्हा असल्याने हा छंद येथे घरी करता येत नाही. पुण्यात २००९ मध्ये सुरू झालेली डूलाली ही राज्यातील आरंभीच्या मायक्रोब्रुअरींपैकी एक असून ताजी बिअर कायदेशीरपणे चाखण्याची सोय अशा परवानाधारक ठिकाणीच आहे.