अपस्टेअर्स-डाउनस्टेअर्स मालिका

वर मालक आणि तळघरात नोकर, अशी एकाच ब्रिटिश घरातल्या दोन जगांची जुन्या काळातली गोष्ट सांगणाऱ्या टीव्ही मालिका. नाव पडलं 'अपस्टेअर्स, डाउनस्टेअर्स'वरून (१९७१ ते १९७५, ६८ एपिसोड). कल्पना जीन मार्श आणि आयलीन ॲटकिन्स या दोन अभिनेत्रींची, दोघी लंडनच्या कष्टकरी घरातल्या, आणि रोझ या मोलकरणीचा रोल मार्शनेच केला.

याच प्रकारातली 'डाउनटन ॲबी' (२०१० ते २०१५) लिहिली मात्र ज्युलियन फेलोज यांनी, ते २०११ मध्ये कॉन्झर्व्हेटिव्ह पक्षाकडून हाउस ऑफ लॉर्ड्समध्ये, म्हणजे ब्रिटिश संसदेच्या वरिष्ठ सभागृहात गेले, आणि हा फरक बघताना जाणवतो. १९१२ मध्ये टायटॅनिक बुडते, त्यात वारस जातो, घराचा मालक असलेल्या अर्लला (सरदाराला) तीन मुली असूनही इस्टेट मिळणार दूरच्या नात्यातल्या एका वकिलाला, का तर तो पुरुष. थोरल्या मेरीवरचा हा अन्याय मालिका जीव लावून दाखवते. त्याच घरात ग्वेन ही मोलकरीण चोरून टायपिंग शिकते आणि तिचा टाइपरायटर सापडतो तेव्हा जाब विचारायला मालक खाली येत नाहीत, ते काम बटलरच, म्हणजे नोकरांचा मुख्यच करतो.

पण खरं राजकारण कळतं ते एथेल आणि इडिथ शेजारी ठेवून बघितल्यावर. एथेल मोलकरीण, पहिल्या महायुद्धाच्या काळात एका मेजरपासून तिला मूल होतं, नोकरी आधीच गेलेली, पोटासाठी वेश्याव्यवसाय करावा लागतो आणि शेवटी मुलगा त्याच्या आजी-आजोबांना देऊन टाकावा लागतो. नंतर एक बाई तिला कामावर ठेवतात तर तिथली स्वयंपाकीणच तडकाफडकी निघून जाते! इडिथ अर्लची मुलगी, तिलाही लग्नाआधीच मूल होतं, पण तिला परदेशात जाऊन बाळंत होता येतं. मुलगी मॅरिगोल्ड आधी तिकडच्याच एका जोडप्याकडे, मग इस्टेटीची जमीन कसणाऱ्या ड्र्यू नावाच्या कुळाच्या घरी वाढायला. ड्र्यूची बायको तिला पोटच्या पोरीसारखी सांभाळते, खरी आई कोण हे या बायकोला कोणी सांगतच नाही, आणि एक दिवस इडिथ कागद घेऊन दारात येते आणि मुलीला उचलून नेते. आईपण दोघींचंही खरं, तरी मालिकेचा कॅमेरा बहुतेक वेळ इडिथच्या अश्रूंवर, मला हे फार खुपतं. पुढे मिसेस ड्र्यूला राहवत नाही, गुरांच्या प्रदर्शनात ती मॅरिगोल्डला गुपचूप घरी घेऊन जाते. मग पिढ्यांपासून कसलेली जमीन सोडून जायची पाळी ड्र्यू कुटुंबावरच येते.