तडीपारी संपते त्या दिवशी

आमच्या चौकातल्या पानठेल्यावर एक पोट्टा यायचा, तडीपारी भोगून आलेला. आल्यावर आठवडाभरातच जुनी गँग गाडी घेऊन हजर, "चल बे, बस". घरचे धड बोलत नव्हते, काम कोणी देत नव्हतं, नाही म्हणून तो जाणार तरी कुठे? महिन्याभरात तो परत त्यांच्यात गेला. मला ते अजून लागून आहे.

अशा पोरांना बाहेर काढता येतं का, यावर लायबेरियात मनरोव्हिया शहरात एक भारी प्रयोग झालाय. चोऱ्या, ड्रग्ज, मारामाऱ्या यात असलेले ९९९ तरुण घेतले आणि चिठ्ठ्या टाकून चार गट पाडले, काहींना ८ आठवडे समुपदेशन, काहींना २०० डॉलर रोख, काहींना दोन्ही अन् काहींना काहीच नाही. शिकवणारे स्वतः त्याच आयुष्यातून बाहेर पडलेले. राग आला की थांबायचं कसं याची प्रॅक्टिस, शिवाय होमवर्क पण असा की केस कापा, नीट कपडे घाला अन् बँकेत जाऊन दोन प्रश्न विचारून या. वाचायला किरकोळ वाटतं, पण ज्याला आयुष्यभर वॉचमनने गेटवरूनच हाकललंय त्याच्यासाठी ते लई मोठं आहे. नुसत्या पैशांचा असर लवकर संपला, नुसत्या समुपदेशनाचा टिकला पण कमी अन् डळमळीत, दोन्ही मिळालेल्यांच्या चोऱ्या अन् ड्रग्ज विकणं मात्र १० वर्षांनंतरही जवळपास निम्मं होतं! संशोधकांचा अंदाज असा की त्या पैशांवर पोरांनी काही महिने छोटामोठा धंदा केला आणि तेवढ्या काळात नवीन वागणं अंगवळणी पडलं.

शिकागोतल्या शाळांमध्ये पोरांना थांबून विचार करायला शिकवणारा एक कार्यक्रम आहे, त्यात एक खेळ घेतात. एकाच्या मुठीत बॉल, दुसऱ्याने ३० सेकंदांत तो मिळवायचा. पोरं झोंबाझोंबी करतात, बोटं पिरगाळतात, "दे ना" असं सरळ कोणी मागतच नाही. या कार्यक्रमात असेपर्यंत त्या मुलांच्या हिंसक गुन्ह्यांतल्या अटका जवळपास निम्म्याने कमी झाल्या.

उलट पोरांना जेल दाखवून घाबरवायचे कार्यक्रम तपासले तर गुन्हे वाढलेलेच दिसले, त्यामुळे नुसता दम देऊन काम होत नाही बाप्पा.

नागपुरात पोरांना जोडून घेणारी माणसं नाहीत असं नाही, विजय बारसे सरांनी २००१ मध्ये झोपडपट्टीतल्या पोरांना फुटबॉल देऊन हेच केलं. पण ते टोळीत जाण्याआधीचं झालं. तडीपारी जास्तीत जास्त २ वर्षांची असते, ती कधी संपणार हे कागदावर आधीच ठरलेलं असतं, म्हणजे पोरगा कोणत्या दिवशी परत येणार हे आपल्याला माहीत असतं. त्या दिवशी बसस्टँडवर गँगच्या आधी कामाचा पत्ता घेऊन कोणीतरी उभं राहायला पाहिजे, अन् पुढचे काही महिने त्याच्यासोबत राहायला पाहिजे.