नळाच्या पाण्याचा रिपोर्ट असतोच, तो मागून घ्या

रहिवाशांच्या ग्रुपवर अधूनमधून कुणीतरी टीडीएस मीटरचा फोटो टाकतं, खाली लिहिलेलं असतं "११० आलं, पाणी एकदम चांगलंय", मग दुसरा सांगतो आमच्याकडे ४०० येतं, आणि लगेच सगळे घाबरतात. यातल्या दोन्ही गोष्टी चुकीच्या आहेत. तो पेनासारखा मीटर फक्त एकच गोष्ट मोजतो, पाण्यातून वीज किती सहज वाहते ते, आणि त्यावरून विरघळलेल्या क्षारांचा अंदाज बांधून आकडा दाखवतो. क्षार म्हणजे मुख्यतः कॅल्शियम, मॅग्नेशियम, सोडियम असलंच काहीतरी. बॅक्टेरिया त्याला दिसत नाहीत, आणि शिसं धोक्याच्या मर्यादेच्या कितीतरी पट असलं तरी मीटरवरचा आकडा हलतसुद्धा नाही, कारण शिशाची मर्यादा लिटरला १० मायक्रोग्रॅम आहे आणि मीटरची सगळ्यात छोटी पायरी असते लिटरला १ मिलिग्रॅमची, म्हणजे त्याच्या शंभरपट.

याहून वाईट म्हणजे ते दोन सळ्यांचं प्रात्यक्षिक. फिल्टर विकणारे एका ग्लासात नळाचं आणि दुसऱ्यात फिल्टरचं पाणी घेऊन दोन्हीत सळ्या बुडवून करंट सोडतात, दोन मिनिटांत नळाचं पाणी तपकिरी होतं, आणि विक्रेता म्हणतो बघा तुम्ही काय पिताय. तो तपकिरी गाळ सळीच्या लोखंडाचा असतो हो! करंटमुळे लोखंड सुटून त्याचा गंज पाण्यात उतरतो. फिल्टरच्या पाण्यात क्षार कमी म्हणून करंट कमी, म्हणून ते स्वच्छ दिसतं, बाकी काही नाही. हे विज्ञान वापरून केलेलं फसवणुकीचं काम आहे आणि मला त्याचा खरंच राग येतो, तसाच चुंबक लावून पाणी "ऊर्जाभारित" करणाऱ्यांचाही.

खरी तपासणी आधीच झालेली असते. शहराला पाणी देणारी यंत्रणा रोज वेगवेगळ्या ठिकाणचे नमुने घेते, ते लॅबमध्ये जातात, रजिस्टरमध्ये आकडे चढतात. ते मिळवायची पद्धत देशागणिक वेगळी आहे. अमेरिकेत पुरवठादाराला मागच्या वर्षाचा रिपोर्ट १ जुलैपर्यंत ग्राहकांना द्यावाच लागतो, इंग्लंडमध्ये पाणी कंपनीच्या साइटवर पोस्टकोड टाकला की तुमच्या भागाचे निकाल समोर येतात, आणि भारतात वेबसाइटवर मिळालं नाही तर २००५ चा माहिती अधिकार कायदा आहे, ३० दिवसांत उत्तर देणं बंधनकारक. त्या कायद्याच्या कलम २(ञ) मध्ये नुसती कागदपत्रं नाहीत, प्रमाणित नमुने घेण्याचा हक्कसुद्धा लिहिलेला आहे, हे फार कमी लोकांना माहीत असतं.

मागताना मात्र "पाण्याची गुणवत्ता सांगा" असं मोघम लिहू नका, उत्तरही तसंच येईल. आपल्या भागाचं किंवा आपल्याला पाणी देणाऱ्या टाकीचं नाव लिहा, कोणत्या महिन्यांचं हवंय ते लिहा, आणि नमुना घेतल्याची जागा, तारीख, तपासणीची पद्धत आणि प्रत्यक्ष आकडे मागा. "योग्य" आणि "अयोग्य" एवढाच शेरा घेऊन काही कळत नाही.

रिपोर्ट हातात आला की मी सगळ्यात आधी ई. कोलायची ओळ बघतो. हा बॅक्टेरिया १८८५ मध्ये थिओडोर एशरिश यांनी शोधला. तो माणसाच्या आणि जनावरांच्या आतड्यात राहतो, त्यामुळे पाण्यात सापडला म्हणजे कुठेतरी विष्ठा मिसळलीय. कॉलरा, टायफॉइड, कावीळ प्रत्येकाचा जंतू वेगळा शोधत बसणं शक्य नाही, म्हणून याला साक्षीदार धरतात. मर्यादा सरळ आहे, १०० मिलिलिटरमध्ये एकही नको.

पण इतका बारीक जीव दिसतो कसा? ही गोष्ट मला भयंकर आवडते. नमुन्याच्या बाटलीत आधीच थोडं सोडियम थायोसल्फेट असतं, ते क्लोरीनला निकामी करतं, नाहीतर लॅबपर्यंत जाताजाता क्लोरीन जंतूंना मारत राहील आणि निकाल खोटाच चांगला येईल. मग पाण्यात दोन खास पदार्थ घालतात आणि साधारण ३५ अंशांवर दिवसभर ठेवतात. कोलिफॉर्म गटातल्या (ई. कोलाय यातलाच) जंतूंकडे एक एन्झाइम असतं, ते पहिला पदार्थ तोडतं आणि पाणी पिवळं होतं. ई. कोलायकडे आणखी एक एन्झाइम असतं, ते दुसरा पदार्थ तोडतं, आणि अतिनील दिव्याखाली पाणी निळं चमकायला लागतं. म्हणजे जंतू जेवतो आणि जेवता जेवता स्वतःची ओळख सांगतो.

आता मोजणी. पाणी १० मिलिलिटरच्या दहा नळ्यांत वाटलं आणि समजा पाच नळ्या चमकल्या, तर १०० मिलिलिटरमध्ये जंतू पाच नसतात, कारण एखाद्या नळीत दोन किंवा तीनही पडलेले असू शकतात. म्हणून उलटा विचार करायचा, किती नळ्या रिकाम्या राहिल्या? निम्म्या. जंतू इतस्ततः विखुरलेले असतील तर निम्म्या नळ्या रिकाम्या राहायला प्रत्येक नळीत सरासरी ०.६९ जंतू हवेत (दोनचा नैसर्गिक लॉगॅरिथम), म्हणजे दहा नळ्यांत ६.९. रिपोर्टवर "एमपीएन ६.९" असा अपूर्णांक दिसतो तो इथून येतो, एमपीएन म्हणजे सर्वांत संभाव्य संख्या. आणि एकही नळी चमकली नाही तर "१.१ पेक्षा कमी" असं छापतात, ते बघून घाबरू नका, ते "सापडले नाहीत" असंच आहे.

नंतर शिल्लक क्लोरीन बघायचं, नळाशी किमान ०.२ मिलिग्रॅम प्रति लिटर हवं. तुमच्या भागात ते वारंवार शून्य येत असेल तर कोलायचा रकाना स्वच्छ असला तरी पाठपुरावा करा, कारण वाटेत पाइप गळत असेल तर संरक्षण उरलेलं नाही. गढूळपणाचा आकडाही सोडू नका. १९९३ मध्ये अमेरिकेतल्या मिलवॉकी शहरात क्रिप्टोस्पोरिडियम नावाचा परजीवी पाण्यात आला, अंदाजे ४ लाख लोक आजारी पडले. क्लोरीनने तो मरत नाही, कोलिफॉर्म चाचणीतही दिसत नाही, आणि त्याआधी शुद्धीकरण केंद्रातून निघणाऱ्या पाण्याचा गढूळपणा वाढलेला होता.

शिसं मात्र शहराच्या रिपोर्टवरून कळत नाही, ते बहुतेकदा इमारतीच्याच जुन्या पाइपांतून आणि जोडांतून येतं. त्यासाठी आपल्या नळाचा नमुना आयएसओ १७०२५ (लॅबच्या कामाचं आंतरराष्ट्रीय मानक) मान्यता असलेल्या लॅबला द्यावा लागतो, बाटली लॅबकडूनच घ्यायची, आणि पाणी निदान ६ तास पाइपात साचल्यावर पहिली धार भरायची. नळ आधी सोडून दिला तर पाइपात रात्रभर साचलेलं शिसं वाहून जातं.

ई. कोलाय निघाला तर पाणी खळखळून उकळा, एक मिनिट पुरतं, आणि त्याच दिवशी पुरवठादाराला लेखी कळवा. शिसं किंवा नायट्रेट निघालं तर उकळू नका, पाणी आटतं आणि प्रमाण उलट वाढतं. नायट्रेट लिटरला ५० मिलिग्रॅमच्या वर असेल तर ते पाणी तान्ह्या बाळाच्या दुधाच्या बाटलीत अजिबात घालू नका, निकालाची खात्री होईपर्यंत दुसरीकडचं पाणी वापरा.