मेनोर्काची घोडेवाट

स्पेनच्या बालेआरिक बेटांपैकी मेनोर्का हे सावकाश, निसर्गाला न ओरबाडता फिरण्याचं ठिकाण म्हणून आज ओळखलं जातं. बेटाला किनाऱ्याकिनाऱ्याने वेढा घालणारी १८५ किलोमीटरची 'कामी दे कावाल्स', म्हणजे घोडेवाट, हे त्याचं मुख्य कारण. चालणारे ती साधारण आठ-दहा दिवसांत पुरी करतात. पण ही वाट पर्यटकांसाठी आखलेली नाही, आणि ती सहजासहजी खुलीही झाली नाही.

तिचं मूळ चौदाव्या शतकाच्या उंबरठ्यावर आहे. शेजारच्या मायोर्का बेटाचा राजा दुसरा जाउमे याने १३०१ मध्ये मेनोर्कातल्या जमिनी वाटताना अट घातली की जमीनधारकाने बेटाच्या रक्षणासाठी शस्त्रसज्ज घोडा पाळावा. हे स्वार ज्या वाटेने किनाऱ्यावर पहारा देत, तीच पुढे घोडेवाट झाली, असं मानलं जातं. पहाऱ्याची गरज किती खरी होती हे सोळाव्या शतकात दिसलं. १५३५ मध्ये तुर्की आरमारप्रमुख बार्बारोसाने बेटावरचं माओ हे बंदर लुटलं, १५५८ मध्ये तुर्की आरमाराने सिउतादेया हे शहर उद्ध्वस्त करून हजारो माणसं गुलाम म्हणून नेली. अठराव्या शतकात बेट इंग्रज, फ्रेंच आणि स्पॅनिश यांच्यात हातोहात फिरलं, तेव्हाही लष्कराला ही वाट लागतच होती.

पुढे पहारा संपला आणि वाटेची निगाही संपली. ती ज्या शेतांतून जात होती, त्यांच्या मालकांनी ठिकठिकाणी फाटकं बंद केली. इकडे १९६० नंतर शेजारच्या मायोर्कात आणि इबिझात हॉटेलांच्या रांगा उभ्या राहत होत्या. मेनोर्कात हे उशिरा आणि कमी प्रमाणात झालं, कारण इथल्या लोकांना चपला-बूट, नकली दागिने आणि माओचं चीज यांतून रोजगार मिळत होता. किनारा विकल्यावाचून चूल बंद पडणार नव्हती. माझ्या मते या बेटाच्या वाचण्याचं हे सर्वांत महत्त्वाचं आणि सर्वांत कमी सांगितलं जाणारं कारण आहे.

तरीही बांधकामं येऊ लागलीच. एस ग्राऊच्या मचूळ पाण्याच्या सरोवराशेजारी वसाहतीचा घाट घातला गेला, त्याला विरोध झाला. १९७७ मध्ये 'गोब' ही पर्यावरण संघटना मेनोर्कात काम करू लागली. १९९३ मध्ये युनेस्कोने संपूर्ण बेटाला जैवमंडळ राखीव क्षेत्राचा दर्जा दिला आणि १९९५ मध्ये एस ग्राऊचा परिसर निसर्ग उद्यान झाला.

घोडेवाटेसाठी मात्र वेगळा लढा द्यावा लागला. बंद फाटकांविरुद्ध लोक उभे राहिले. त्यांचं म्हणणं साधं होतं: बापजाद्यांनी वहिवाटलेली वाट कुणा एकाची खासगी मालमत्ता होऊ शकत नाही. डिसेंबर २००० मध्ये बालेआरिक संसदेने कायदाच केला आणि मूळ मार्गावरून सर्वांना मुक्त, विनामूल्य जाण्याचा हक्क दिला. त्यानंतर आराखडा, मालकांशी करार, डागडुजी यांत दहा वर्षं गेली. २०१० मध्ये वाट वीस टप्प्यांत खुली झाली. तिच्या कडेने आजही चुना-मातीविना रचलेले दगडी गडगे आहेत, आणि जंगली ऑलिव्हच्या वाकड्यातिकड्या फांद्यांची फाटकं. चालणाऱ्याने ती उघडायची आणि आपल्यामागे लावून घ्यायची, कारण आत गुरं असतात. असे दगडी बांध रचण्याची कला २०१८ मध्ये स्पेनसह आठ देशांच्या वतीने युनेस्कोच्या अमूर्त वारशाच्या यादीत आली.

२०१६ पासून बालेआरिक बेटांवर मुक्काम करणाऱ्या पर्यटकांकडून शाश्वत पर्यटनासाठीचा कर घेतला जातो. २०१९ मध्ये राखीव क्षेत्राची हद्द समुद्रातही वाढवली गेली. पाण्याखालची पोसिडोनिया गवताची कुरणं इथल्या पाण्याचा निळेपणा आणि किनाऱ्याची वाळू टिकवतात, म्हणून हा विस्तार मला फार मोलाचा वाटतो. २०२३ मध्ये बेटाच्या प्रागैतिहासिक दगडी वास्तूंना जागतिक वारशाचा दर्जा मिळाला.

या यशाचा ताणही बेटावर दिसतो. सुमारे एक लाख रहिवाशांच्या या बेटावर ऑगस्टमध्ये माणसांची संख्या दोन लाखांपलीकडे जाते. भूगर्भातल्या पाण्यावर भार येतो, आणि उन्हाळ्यात काम करायला आलेल्यांना भाड्याने घर मिळत नाही. बालेआरिकपैकीच असलेल्या फोर्मेंतेरा बेटाने २०१९ पासून उन्हाळ्यात वाहनांवर मर्यादा घातली. मेनोर्कासाठी २०२३ मध्ये झालेल्या स्वतंत्र राखीव क्षेत्र कायद्यानेही बेटाचा कारभार पाहणाऱ्या परिषदेला असे निर्बंध घालण्याची वाट मोकळी करून दिली आहे.