रूटच्या हक्काने स्क्रिप्ट चालवताना

फोर्टमधलं कर सल्लागाराचं ऑफिस असो की लालबागचा छापखाना, आम्ही सांभाळतो त्या लिनक्स सर्व्हरवर रात्रीचा बॅकअप आणि जुन्या लॉगची (नोंदींच्या फाइलींची) साफसफाई शेल स्क्रिप्टच करतात, म्हणजे आज्ञांच्या याद्या असलेल्या फाइली. त्या वाचून चालवणारा प्रोग्राम म्हणजे शेल. त्यातल्या काहींना रूटचे, म्हणजे सर्वाधिकार असलेल्या मुख्य खात्याचे, हक्क लागतात. ते कसे द्यायचे, हे विचारणारे फोन सतत येतात, म्हणून हे पत्रक.

रूटचा पासवर्ड ऑफिसात वाटू नका. सुडो (दिलेली आज्ञा रूटच्या हक्काने चालवणारा प्रोग्राम) वापरा आणि कोणी कोणती स्क्रिप्ट चालवायची ते सुडोअर्स फाइलमध्ये लिहा. ही फाइल फक्त व्हिसुडो या प्रोग्रामनेच उघडायची. तो जतन करण्याआधी चूक पकडतो. साध्या एडिटरने गडबड झाली तर सुडोच बंद पडू शकतं.

खरी मेख पुढे आहे. ऑपरेटरला बॅकअपची स्क्रिप्ट विनापासवर्ड चालवायची मुभा दिली, पण फाइल राहिली त्याच्याच होम फोल्डरमध्ये, तर तो तिच्यात हवी ती ओळ घालू शकतो आणि ती ओळ रूट म्हणून चालते. म्हणजे नाव ऑपरेटरचं, सत्ता रूटची. म्हणून स्क्रिप्टचा मालक रूट हवा, परवानगी ७५५ हवी, म्हणजे बदल फक्त मालक करू शकतो (७७७ कधीच नाही, त्यात कोणीही बदल करू शकतो) आणि जागा यूएसआर-लोकल-एसबिन हा फोल्डर. फोल्डरही रूटचाच हवा, हे बहुतेकजण विसरतात. फोल्डरमध्ये लिहिता येत असेल, तर रूटची फाइल बाजूला सारून त्याच नावाची दुसरी ठेवता येते. स्क्रिप्ट आतून दुसऱ्या फाइली बोलावत असेल तर त्यांनाही हाच नियम.

‘सेटयूआयडी बिट लावला, तरी काही होत नाही’ ही तक्रारही येते. (फाइल कोणीही चालवली तरी ती मालकाच्या हक्काने चालावी, अशी ही खूण.) होणारच नाही. कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, स्क्रिप्ट उघडतो आणि शेल ती वाचतो, या दोन क्षणांच्या मध्ये फाइल बदलता येऊ शकते. म्हणून लिनक्स स्क्रिप्टवरचा हा बिट मुद्दामच मानत नाही.

‘सुडो इको’ (इको ही मजकूर छापणारी आज्ञा) लिहून पुढे ‘मोठं आहे’ या चिन्हाने इटीसी या सेटिंग्जच्या फोल्डरमधल्या फाइलमध्ये मजकूर घालायला गेलात, तर ‘परमिशन डिनाइड’ (परवानगी नाही) येतं. सुडो तिथे फक्त इकोला लागू होतं. फाइल उघडतो तो तुमचा साधा शेल. इकोचा मजकूर पाइपने (एका आज्ञेचा मजकूर दुसरीकडे देणाऱ्या उभ्या रेघेने) ‘सुडो टी’कडे द्या. टी ही आलेला मजकूर फाइलमध्ये लिहिणारी आज्ञा. फाइलच्या शेवटी भर घालायची असेल तर टीला ‘वजा ए’ जोडायला विसरू नका, नाहीतर जुना मजकूर पुसला जाईल.

कोणी काय चालवलं ते उबुंटूवर ऑथ लॉगमध्ये आणि रेड हॅटवर सिक्युअर लॉगमध्ये सापडतं.

इंटरनेटवरची स्क्रिप्ट थेट ‘सुडो बॅश’कडे (बॅश हा एक शेल) पाइप करू नका. आधी उतरवून वाचा. समजली नाही तर आम्हाला ईमेल करा, पण चालवण्याआधी. सोबत पासवर्ड मात्र पाठवू नका.